इंजिनिअरिंगचे कॉलेज आणि धर्माचा रकाना
महाराष्ट्रातील ख्रिस्ती विद्यार्थ्यापुढील निवड

आपल्याकडे एच.एस.सी.चा निकाल लागला की घराघरांत जी धांदल उडते, तशीच धांदल महाराष्ट्रात बारावीच्या निकालानंतर उडते. ज्याला इंजिनिअर व्हायचे आहे, त्याला बारावीबरोबरच राज्याची सामाईक प्रवेश परीक्षा द्यावी लागते. गणित, भौतिकशास्त्र आणि रसायनशास्त्र हे तीन विषय आणि एकूण २०० गुण. यांतील निम्मे, म्हणजे १०० गुण एकट्या गणिताला. निकाल हाती आला की अर्ज भरायचा, आपल्या पसंतीची कॉलेजे क्रमाने लिहायची आणि यादीची वाट पाहायची.

या अर्जात एक रकाना धर्माचा असतो. हिंदू मुलगा तो सहज भरून पुढे जातो. ख्रिस्ती मुलाला मात्र तेथे थोडे थांबून विचार करावा लागतो. कोणते कॉलेज मिळेल, फी किती पडेल आणि कोणती सवलत हातची जाईल, हे बऱ्याच अंशी त्या एका शब्दावर ठरते.

मराठी ख्रिस्ती म्हटले की आपल्या बेटावरील काही वाचकांना नवल वाटेल. येथे आपण मराठी म्हणजे गणपती, गुढीपाडवा आणि भजन असेच धरून चालतो. पण मराठी भाषेचा आणि ख्रिस्ती धर्माचा संबंध जुना आहे. फादर थॉमस स्टीफन्स या इंग्रज धर्मगुरूचे मराठी ओवीबद्ध 'क्रिस्तपुराण' गोव्यात १६१६ साली छापले गेले. रेव्हरंड नारायण वामन टिळक आणि 'स्मृतिचित्रे' लिहिणाऱ्या लक्ष्मीबाई टिळक यांची नावे मराठी शिकलेल्या कोणालाही ठाऊक असतात. २०२० साली उस्मानाबादला भरलेल्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो होते. वसईचे ख्रिस्ती घरात सामवेदी किंवा वाडवळी बोली बोलतात. नगर जिल्ह्यातील ख्रिस्ती हे बहुतांशी अमेरिकन मराठी मिशन आणि इतर मिशनांच्या काळात धर्मांतर केलेल्या दलित कुटुंबांचे वंशज. धर्म एक असला तरी या दोन समाजांची परिस्थिती अगदी वेगळी आहे. कॉलेज निवडताना हा फरक पदोपदी जाणवतो.

कायदा काय सांगतो

भारतीय राज्यघटनेच्या ३०व्या कलमाने धर्माने किंवा भाषेने अल्पसंख्य असलेल्या समाजांना आपल्या शिक्षणसंस्था काढण्याचा आणि चालवण्याचा हक्क दिला आहे. २००२ साली सर्वोच्च न्यायालयाच्या ११ न्यायाधीशांच्या पीठाने टी. एम. ए. पै खटल्यात हा हक्क व्यावसायिक शिक्षणालाही लागू असल्याचे सांगितले. अल्पसंख्य कोण, हे राज्याराज्यातील लोकसंख्येवरून ठरवावे, असेही त्याच निकालात ठरले. २००५ साली इनामदार खटल्यात न्यायालयाने सामाईक परीक्षा आणि एकत्रित प्रवेशपद्धती यांना मान्यता दिली आणि देणगी घेऊन प्रवेश देण्यास मनाई केली. त्यानंतर झालेल्या घटनादुरुस्तीने खासगी कॉलेजांत मागासवर्गीयांसाठी राखीव जागा ठेवण्याची वाट मोकळी झाली. अल्पसंख्याकांच्या संस्थांना मात्र त्यातून वगळण्यात आले.

याचा व्यवहारातील अर्थ असा की महाराष्ट्रातील ख्रिस्ती अल्पसंख्याक दर्जाच्या कॉलेजात ५१ टक्के जागा त्या समाजाच्या विद्यार्थ्यांसाठी असतात आणि जातीनुसार राखीव जागा तेथे नसतात. समाजाच्या जागा भरल्या नाहीत, तर त्या इतरांना मिळतात.

मॉरिशसच्या वाचकाला येथे आपल्याकडील एक निकाल आठवेल. आपल्या कॅथलिक माध्यमिक शाळांत ५० टक्के जागा कॅथलिक मुलांसाठी राखून ठेवल्या जात. एका हिंदू पालकाने त्याविरुद्ध दाद मागितली. २००२ साली आपल्या सर्वोच्च न्यायालयाने आणि २००४ साली लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलने ही पद्धत भेदभावाची ठरवली. त्या शाळांचा खर्च सरकारी तिजोरीतून होत असल्याने धर्म पाहून जागा देता येणार नाही, असा त्या निकालाचा रोख होता. भारतातील ही इंजिनिअरिंग कॉलेजे सरकारी अनुदान घेत नाहीत आणि त्यांच्या हक्काला घटनेतील खास कलमाचा आधार आहे. म्हणून वरवर सारख्या दिसणाऱ्या प्रश्नाला दोन देशांत दोन उत्तरे मिळाली.

कॉलेजे कोणती

मुंबई परिसरात अशी कॉलेजे बरीच आहेत. वांद्र्याचे फादर कॉन्सेसाव रॉड्रिग्ज कॉलेज १९८४ साली निघाले. ते मूळ गोव्यातील पिलारच्या फादरांच्या संस्थेचे. वाशीचे फादर सी. रॉड्रिग्ज इन्स्टिट्यूट हे त्याचे धाकटे भावंड १९९४ चे. बोरिवलीचे सेंट फ्रान्सिस इन्स्टिट्यूट १९९९ साली, तर कुर्ल्याचे डॉन बॉस्को इन्स्टिट्यूट २००१ साली सुरू झाले. माहीमला जेझुइटांचे झेवियर इन्स्टिट्यूट आहे. येथील प्राध्यापकांत आणि विद्यार्थ्यांत सर्व धर्मांचे लोक असतात आणि शिकवला जाणारा विषय इंजिनिअरिंगच असतो. वर्गातले यंत्रशास्त्र चर्चच्या कॉलेजात काही निराळे नसते.

याच्या जोडीला सर्वांना खुली असलेली जुनी आणि नामांकित कॉलेजे आहेत. पुण्याचे इंजिनिअरिंग कॉलेज १८५४ सालचे. सर विश्वेश्वरय्या तेथेच शिकले. २०२२ साली त्याचे तंत्रशास्त्र विद्यापीठ झाले. मुंबईचे व्ही.जे.टी.आय. १८८७ सालचे आहे. येथे ख्रिस्ती म्हणून वेगळी जागा नाही, पण जातीनुसार राखीव जागा आहेत आणि खासगी कॉलेजांच्या मानाने फी कमी आहे.

दोन विद्यार्थी, दोन हिशेब

समजा, वसईजवळच्या निर्मळ गावची एक मुलगी आहे. घरची थोडी वाडी, वडील नोकरीला, धर्म कॅथलिक. तिच्याकडे जातीचा दाखला नाही. व्ही.जे.टी.आय.मध्ये तिला खुल्या वर्गातून साऱ्या महाराष्ट्राशी स्पर्धा करावी लागेल. बोरिवलीच्या किंवा वांद्र्याच्या कॉलेजात मात्र तिची स्पर्धा आपल्या समाजातील मुलांशी. शिवाय बोरिवली, माहीम आणि वांद्रे ही तिन्ही ठिकाणे तिच्याच पश्चिम रेल्वेवर आहेत. कुर्ला किंवा वाशी म्हटले की गाडी बदलणे आले. चार वर्षे रोज हा प्रवास करायचा असल्याने ही बाब किरकोळ समजू नये. फीचा आकडा वर्षाला लाखाच्या पुढे जातो. पण घरचे उत्पन्न ८ लाखांच्या आत असेल आणि आर्थिक दुर्बल घटकाचा दाखला मिळत असेल, तर २०२४ च्या सरकारी निर्णयानुसार अशा मुलींचे शिक्षणशुल्क पूर्ण माफ होते. अट एवढीच की प्रवेश सरकारी यादीतून झालेला हवा. कॉलेजने स्वतःच्या कोट्यातून दिलेल्या जागेला ही माफी नाही. तेव्हा या मुलीने अल्पसंख्याक जागेचा पसंतीक्रम वर ठेवला, तर त्यात शहाणपण आहे.

आता नगर जिल्ह्यातील एखाद्या खेड्यातला मुलगा घ्या. वडील शेतमजूर, पणजोबा मिशनच्या काळात ख्रिस्ती झालेले, चर्च प्रॉटेस्टंट पंथाचे. त्याने मुंबईच्या ख्रिस्ती कॉलेजाचे नाव ऐकले आहे आणि आपल्या धर्माची जागा म्हणून त्याचे मन तिकडे ओढ घेते. पण त्याने आधी दोन गोष्टी तपासल्या पाहिजेत. पहिली अशी की काही संस्थांचा दर्जा नुसता 'ख्रिस्ती' असा नोंदलेला असतो, तर काहींचा 'रोमन कॅथलिक' असा. दुसऱ्या प्रकारच्या कॉलेजात प्रॉटेस्टंट मुलाला ती जागा मिळत नाही. दुसरी गोष्ट म्हणजे फी, वसतिगृह आणि मुंबईचा खर्च. महाराष्ट्रात अनुसूचित जातींतून ख्रिस्ती झालेल्यांचा समावेश इतर मागासवर्गात होतो. त्या वर्गाला १९ टक्के जागा आहेत आणि उत्पन्नाच्या मर्यादेत बसणाऱ्या मुलाला शिक्षणशुल्कात निम्मी सवलत मिळते. हा दाखला पुण्याच्या किंवा इतर सरकारी कॉलेजात त्याला जागा मिळवून देऊ शकतो. ख्रिस्ती कॉलेजात तशी राखीव जागाच नाही. म्हणून या मुलाने सरकारी कॉलेजांची नावे वर लिहावीत आणि ख्रिस्ती कॉलेजांची त्याखाली. धर्माच्या नावाचे कॉलेज सोडले म्हणून त्याचा धर्म काही सुटत नाही.

रकान्यात काय लिहावे

या मुलाच्या शेजारी त्याच मूळ जातीचे एक बौद्ध कुटुंब राहत असेल. त्या घरातील मुलाला अनुसूचित जातीच्या १३ टक्क्यांतून जागा मिळते आणि शिक्षणशुल्क पूर्ण माफ होते. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातीचा दर्जा फक्त हिंदूंना दिला. १९५६ साली त्यात शीख आणि १९९० साली बौद्ध आले. ख्रिस्ती आणि मुसलमान बाहेर राहिले. दोन्ही घरांची जमीन सारखीच थोडी आणि गावाने दोघांना दिलेली वागणूकही सारखीच, पण अर्जावरचा हक्क वेगळा. आदिवासींच्या बाबतीत असे नाही. पालघरचा आदिवासी मुलगा ख्रिस्ती असला तरी त्याचा अनुसूचित जमातीचा दर्जा कायम राहतो.

यामुळे कित्येक कुटुंबे रविवारी चर्चला जातात, पण शाळेच्या दाखल्यावर जुनी हिंदू जात तशीच ठेवतात. त्यांना नावे ठेवणे दुरून सोपे आहे. पण त्यातील धोकाही मुलाला सांगितला पाहिजे. २०२४ च्या नोव्हेंबरमध्ये पुदुच्चेरीतील एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला. ख्रिस्ती धर्म पाळणाऱ्या व्यक्तीने केवळ नोकरीच्या लाभासाठी हिंदू अनुसूचित जातीचा दावा करणे ही घटनेची फसवणूक आहे, असे न्यायालयाने म्हटले. दाखला पुढे कधीही तपासला जाऊ शकतो आणि तो रद्द झाला, तर मिळवलेली जागा व पदवीही अडचणीत येते. त्याच मुलाने एका अर्जात हिंदू म्हणायचे आणि दुसऱ्यात ख्रिस्ती अल्पसंख्याक म्हणायचे, हे तर मुळीच चालणार नाही. अल्पसंख्याक जागेसाठी प्रतिज्ञापत्र द्यावे लागते आणि शाळा सोडल्याच्या दाखल्यावरील नोंद त्याच्याशी जुळावी लागते.

धर्म बदलला म्हणून जातीचे चटके थांबले का, हा प्रश्न सरकारनेही पुढे घेतला. २०२२ साली केंद्राने माजी सरन्यायाधीश बालकृष्णन यांच्या अध्यक्षतेखाली त्यासाठी आयोग नेमला. पण सतरा वर्षांच्या मुलाला आयोगाची वाट पाहत बसता येत नाही. त्याला अर्ज ठरलेल्या तारखेच्या आत भरायचा असतो. आईवडिलांनी दहावीच्या सुमारासच दाखले काढून पाहावेत, नोंद खरी आहे की नाही ते ठरवावे आणि मुलाला सारे उघड सांगावे. सतराव्या वर्षी खिडकीवरच्या कारकुनाकडून आपल्या घराचा इतिहास कळणे बरे नव्हे.

निवडताना काय पाहावे

धर्माचा आणि जातीचा हिशेब झाला की मग खरी निवड सुरू होते. नॅशनल बोर्ड ऑफ अॅक्रेडिटेशन ही संस्था मान्यता देते ती सबंध कॉलेजला नव्हे, तर एकेका शाखेला. म्हणून आपल्या शाखेला ती मान्यता आहे काय, हे पाहावे. भारत २०१४ पासून वॉशिंग्टन करारात असल्याने परदेशी जाणाऱ्याला या मान्यतेचा उपयोग होतो. शिवाय प्रयोगशाळा डोळ्यांनी पाहाव्यात आणि शेवटच्या वर्षाच्या दोन-चार मुलांशी बोलावे. फी ठरवणाऱ्या सरकारी प्राधिकरणाने मंजूर केलेला आकडा आणि कॉलेज सांगते तो आकडा जुळतो का, हे तपासावे. शाखा आवडीची नसेल, तर केवळ फादरांचे कॉलेज म्हणून जाऊ नये. शाखा, अंतर आणि फी तिन्ही जमत असतील, तर केवळ ख्रिस्ती म्हणून मिळते आहे या संकोचाने ती जागा सोडूही नये. तो घटनेने दिलेला हक्क आहे.

आपल्या मुलांविषयी दोन शब्द. मॉरिशसहून इंजिनिअरिंगसाठी भारतात जाणाऱ्यांना या अल्पसंख्याक जागा नाहीत, कारण त्या महाराष्ट्रातील रहिवाशांसाठी आहेत. आणि मराठी भाषिक म्हणून महाराष्ट्रात अल्पसंख्याक होता येत नाही हे उघडच आहे. आपल्या मुलांसाठी परदेशी विद्यार्थ्यांच्या वेगळ्या जागा आणि भारत सरकारच्या शिष्यवृत्त्या आहेत. पण तेथे शेजारच्या बाकावर वसईचा किंवा नगरचा एखादा मराठी ख्रिस्ती मुलगा बसलेला असेल. तो आपल्याच भाषेत बोलेल. आपण येथवर कसे आलो हे जसे आपल्याला सांगता येते, तसे त्यालाही सांगण्यासारखे पुष्कळ असेल. त्याला त्याची जात विचारण्यापेक्षा तेवढे विचारावे.