भांडी घासणारे यंत्र गळू लागते तेव्हा

२०२० सालच्या टाळेबंदीत घरोघरच्या कामाच्या बाया येईनाशा झाल्या आणि ज्या वस्तूकडे आपल्या समाजाने तोवर श्रीमंतांचे खूळ म्हणून पाहिले होते ते भांडी घासण्याचे यंत्र, अर्थात डिशवॉशर, इंदूर-बडोद्याच्या मध्यमवर्गीय मराठी घरांतही येऊन बसले. पुढे बाया परतल्या, पण यंत्र राहिले. आता त्याला काही वर्षे लोटली आहेत आणि पाण्याशी संबंध असलेल्या प्रत्येक यंत्रास केव्हा ना केव्हा जडणारी व्याधी त्यालाही जडू लागली आहे. एके सकाळी ओट्याखाली पाणी दिसते. पहिला संशय कामाच्या बाईवर जातो, दुसरा सूनबाईंवर, आणि तिसरा यंत्र बनविणाऱ्या कंपनीवर. पाणी नेमके कोठून येते हे मात्र वाकून कोणी पाहत नाही.

आमच्या परिचयातील एका घरी असे पाणी पंधरा दिवस येत होते. घरातील वयोवृद्ध आजी पहाटे चहा टाकावयास उठत. त्या ओल्या फरशीवरून त्यांचा पाय घसरला. ओट्याची कड हाती लागली म्हणूनच मांडीचे हाड वाचले. कारागीर आला, पंप बदलावा लागेल असे सांगून मोठ्या खर्चाचा आकडा कागदावर लिहून गेला. यंत्र भंगारात काढण्याची भाषा घरात सुरू झाली. शेवटी कारण निघाले ते सिंकखालच्या नळीत कोंदलेली भाताची शिते आणि तुपकट गाळ! यंत्राची सांडपाण्याची नळी त्याच नळीला जोडलेली होती. पंप पाणी जोराने बाहेर टाकी, पुढची वाट बंद असल्याने ते जोडातून उसळे आणि ओघळत यंत्राखाली जाऊन बसे. यंत्र बिचारे निर्दोष होते.

यास्तव गळतीचा तपास करताना तीन प्रश्न विचारावेत: पाणी कोठे, केव्हा आणि किती. परंतु त्याआधी एक गोष्ट. पाणी आणि वीज एकत्र आलेल्या जागी धीटपणा दाखविण्यात अर्थ नाही. आधी वीज बंद करावी, मग यंत्राचा नळ, आणि त्यानंतर फडके हाती घ्यावे. बटणापर्यंत जाण्यास पाण्यातून पाऊल टाकावे लागत असेल, तर मीटरजवळचा मुख्य खटकाच पाडावा. पुष्कळ घरांत या यंत्रासाठी वेगळी जोडणी नसते; एक लांब वायर आणि जमिनीवर ठेवलेली फळी एवढ्यावर भागविलेले असते. हे सर्वथा अयोग्य आहे. यंत्रात पाणी तापविण्याची सोय असल्याने ते बरीच वीज ओढते. त्याला १६ अँपिअरचा, अर्थिंग असलेला आणि जमिनीपासून उंचावरचा सॉकेटच हवा. घरच्या फलकावर ३० मिलिअँपिअरची, गळता प्रवाह ओळखून वीज तोडणारी कळ बसविलेली असेल तर उत्तमच.

आता यंत्राच्या पोटात काय चालते ते पाहू. ते पाण्याने काठोकाठ भरते अशी अनेकांची समजूत असते. तसे ते भरत नाही. तळाच्या खोलगट भागात थोडेसेच पाणी घेतले जाते आणि पंप तेच पाणी फिरत्या पंख्यांच्या भोकांतून भांड्यांवर पुन्हा पुन्हा फेकतो. मग ते काढून टाकून नवे घेतले जाते. अमेरिकेतील जोसेफिन कॉक्रेन या बाईंनी १८८६ साली ज्या यंत्राचे पेटंट घेतले त्याचेही तत्त्व हेच होते: घासण्याऐवजी पाण्याचा मारा. सांगायचे इतकेच की, पाण्याची पातळी दाराच्या उंबरठ्याच्या खाली राहावी अशी योजना असते. दाराभोवतीची रबरी पट्टी केवळ उडणारे शिंतोडे अडविण्यासाठी आहे, धरणाच्या भिंतीसारखे पाणी तुंबवून धरण्यासाठी नव्हे. म्हणून दारातून पाणी येऊ लागले की लगेच पट्टीला दोष देऊ नये.

दारातून येणाऱ्या पाण्यात फेस दिसला तर निम्मे उत्तर तेथेच मिळाले. या यंत्राचा साबण वेगळा असतो. तो मुद्दामच फेस न होणारा बनविलेला असतो. तो संपला म्हणून हाताने भांडी घासण्याचे द्रव साबण किंवा कपड्यांची पावडर त्यात घातली की फेस फुगून दाराच्या फटीतून बाहेर येतो. दुसरा प्रकार आपल्या घरांत विशेष आढळतो. करपलेली कढई आधी वडीच्या साबणाने घासून, अर्धवट विसळून यंत्रात ठेवली जाते. भावना चांगली, परिणाम तोच! खरकटे काढावे, पाण्याने विसळावे, पण साबण लावू नये. चकाकीसाठी जो द्रव वेगळ्या कप्प्यात घालतात तो बाहेर सांडला तरी फेस होतो. फेस झालाच तर यंत्र थांबवून दार उघडावे, फेस बसू द्यावा, थोडे व्हिनेगर शिंपडावे आणि साबणाविना एक-दोन वेळा नुसते पाणी फिरवून काढून टाकावे.

फेस नाही, स्वच्छ पाणी आहे आणि ते खालच्या बाजूस मध्यभागी येते, असे असेल तर भांडी कशी रचली आहेत ते पाहावे. ही यंत्रे मुळात पाश्चात्त्यांच्या बशांसाठी घडली. आपली परात, पोळ्यांचा डबा आणि खोल पातेली त्यांच्या हिशेबात नव्हती. मोठे ताट दाराजवळ तिरपे उभे केले की खालून येणारा फवारा त्यावर आपटून थेट दाराच्या तळाशी जातो. एखादा झारा जाळीतून खाली लोंबत असला तर पंखा अडतो, आणि अडलेल्या पंख्याची धार एकाच जागी बसते. दार लावण्यापूर्वी पंखा बोटाने फिरवून पाहण्याची सवय असावी. पंख्याच्या जोडावर चीर गेली असेल तरीही पाणी भलतीकडे उडते.

कोपऱ्यांतून ठिबकत असेल तर पट्टीकडे वळावे. तिच्या घडीत धणे, मोहरी, कोथिंबिरीचे देठ असे काहीही दडून बसते. कोमट पाण्यात बुडविलेल्या मऊ फडक्याने ती पुसावी. चाकूने खरवडू नये. ज्या घरी बोअरचे पाणी वापरतात तेथे क्षारांचा पांढरा थर पट्टीवर चढतो आणि ती कडक होते. इंदुरात १९७८ साली नर्मदेचे पाणी आले, तरी अनेक वसाहतींत बोअरवेलचाच आधार आहे, त्यांनी याकडे विशेष लक्ष द्यावे. यंत्रातील मिठाचा कप्पा भरलेला ठेवणे हा त्यावरचा उपाय होय. ते मीठ आपल्या स्वयंपाकाचे नव्हे, जाड्या खड्यांचे आणि त्याच कामासाठी विकले जाणारे असते. पट्टी चिरली वा चपटी झाली असेल तर मात्र ती बदलावीच लागते. आणखी एक: यंत्र पुढे कललेले असले तर पाणी दाराकडे धावते. गवंड्याची पाणसळ वर ठेवून पाहावी, आणि पायांचे स्क्रू फिरवून ते समतल करावे.

आता ‘केव्हा’ हा प्रश्न. यंत्र बंद असतानाही मागे ओल दिसत असेल तर पाणी आत घेणाऱ्या नळीचा जोड तपासावा. त्यात एक रबरी वायसर असतो. तो झिजतो किंवा वाकडा बसतो. गच्चीवरील टाकीला नवा प्रेशर पंप बसविल्यावर असे जोड गळू लागणे स्वाभाविक आहे. पाना लावून वाटेल तितके आवळणे हा उपाय नव्हे, त्याने वायसर चेपून गळती वाढते. यंत्राची वीज बंद करूनही आत पाणी चढतच राहिले, तर पाणी घेणारी झडप अडकली आहे असे समजावे, नळ बंद करावा आणि कारागिराला बोलवावे. केवळ पाणी बाहेर टाकण्याच्या वेळी ओल येत असेल, तर वर सांगितलेल्या घरासारखे सांडपाण्याची नळी, तिची पकड आणि सिंकची नळी पाहावी. धुणे चालू असताना यंत्राच्या मध्यभागाखालून पाणी येत असेल, तर पंपाचे आतले सील संशयास्पद होय. तेथे घरच्या माणसाचे काम संपते.

नेमकी जागा सापडत नसेल तर जुन्या वर्तमानपत्राचे कोरडे कागद यंत्राखाली आणि मागे पसरावेत, यंत्र रिकामेच चालवावे आणि दर थोड्या वेळाने कोणता कागद प्रथम भिजतो ते पाहावे. दार उघडल्यावर वाफेचे चार थेंब जमिनीवर पडतात, ती गळती नव्हे.

पुष्कळ यंत्रांच्या तळाशी एक तबक आणि त्यात एक तरंगता बोळा असतो. आत पाणी साचले की बोळा वर येतो, यंत्र काम थांबवते आणि पंप सारखा घरघरत राहतो. काही जण यंत्र तिरपे करून ते पाणी ओतून देतात आणि पुन्हा चालू करतात. असे करणे म्हणजे चोर सोडून राखणदाराचे तोंड बांधणे. तबकात पाणी कोठून आले ते शोधल्याखेरीज यंत्र चालवू नये.

कारागीर येईल तेव्हा वरील तिन्ही प्रश्नांची उत्तरे कागदावर लिहून ठेवावीत आणि सूनबाईंनी ती स्वतः वाचून दाखवावीत. पंप बदलण्याचा सल्ला मग इतक्या सहजासहजी मिळत नाही. बदललेला जुना भाग मागून घ्यावा. दिवाळीत वा उन्हाळ्याच्या सुटीत गावी जाण्यापूर्वी यंत्राचा नळ बंद करावा, आणि तो सुलभपणे फिरतो की नाही हे अधूनमधून पाहून ठेवावे.