विस्मरण आणि मेंदूची प्रतिमा

नागापूर औद्योगिक वसाहतीतून निवृत्त झालेल्या वडिलांना घेऊन येणारी मुले आम्हांस वारंवार विचारतात, "पुढे यांना आमची ओळख राहील का, हे एमआरआयमध्ये दिसेल का?" प्रश्न रास्त आहे, उत्तर मात्र सरळ नाही.

वयोमानापेक्षा अधिक विस्मरण, पण रोजचे व्यवहार शाबूत, या अवस्थेस सौम्य स्मृतिदोष म्हणतात. अशा सर्वांनाच पुढे स्मृतिभ्रंश होत नाही. काहींची स्थिती वर्षानुवर्षे तशीच राहते, काहींची सुधारतेही. एमआरआयमध्ये तज्ज्ञ प्रामुख्याने हिप्पोकॅम्पस पाहतात. कानशिलाच्या आतील बाजूस असलेला हा भाग नव्या आठवणी घडविण्याचे काम करतो. तो आक्रसलेला आढळल्यास अल्झायमरकडे वाटचाल होण्याचा संभव वाढतो. मेंदू साखर कोठे कमी वापरतो, हे पेट स्कॅन दाखवितो. भारतात ही सोय प्रथम २००२ साली मुंबईच्या रेडिएशन मेडिसिन सेंटरमध्ये झाली. तिच्यासाठी लागणाऱ्या द्रव्याचा किरणोत्सार ११० मिनिटांत निम्म्यावर येतो, म्हणून ते साठवून ठेवता येत नाही. या सर्वांतून संभव कळतो, एका माणसाचे भविष्य नव्हे.

म्हणूनच बी-१२ ची कमतरता, थायरॉईड, नैराश्य व झोपेच्या गोळ्या यांची चौकशी आधी व्हावी, असा आमचा आग्रह असतो. ही कारणे उपचारांनी दूर होऊ शकतात आणि त्यांच्या तपासण्यांचा खर्चही (हिशेबनिसाच्या नजरेने पाहता) स्कॅनपेक्षा पुष्कळ कमी आहे.

स्कॅनचा निर्णय घेण्यापूर्वी डॉक्टर आणखी एक गोष्ट खुद्द रुग्णास विचारतात : "आजोबा, तुम्हाला हे जाणून घ्यायचे आहे का?" घरी बहुधा त्यांना हे कोणी विचारलेलेच नसते.