'निर्वाणा', बाजार आणि आपले गाणे

मध्यंतरी एका कार्यक्रमासाठी आम्ही केळशीला गेलो होतो. माता रमाईचे वणंद याच दापोली तालुक्यातले आणि बाबासाहेबांचे मूळ गाव आंबडवे शेजारच्या मंडणगड तालुक्यातले. साहजिकच इथल्या बौद्धवाड्यांत चळवळीच्या गप्पा घरच्यासारख्या चालतात. कार्यक्रम आटोपला तसा मुंबईहून सुट्टीला आलेला एक तरुण 'जयभीम' करीत पुढे आला. त्याच्या काळ्या टी-शर्टवर पिवळ्या इंग्रजी अक्षरांत लिहिले होते, 'निर्वाणा'. खाली एक हसरा चेहरा, पण डोळ्यांच्या जागी फुल्या. शेजारच्या आजोबांनी विचारले, "वकीलसाहेब, हे आपलं निब्बान का हो?" पोरे हसली. आम्हीही हसलो. पण प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नव्हता.

'निर्वाणा' हा अमेरिकेतला रॉक बँड. वॉशिंग्टन राज्यातल्या अ‍ॅबर्डीन या लाकूडधंद्यावर जगणाऱ्या गावात कर्ट कोबेन आणि क्रिस्ट नोवोसेलिक या दोघांनी तो १९८७ मध्ये उभा केला. कोबेनने एकेकाळी शाळेत झाडलोटीचे काम केले होते. दुःखातून सुटका असा अर्थ त्याने या शब्दात पाहिला आणि शब्द सुंदर वाटला म्हणून बँडला दिला. १९८९ चा त्यांचा पहिला अल्बम जेमतेम सहाशे डॉलरच्या खर्चात ध्वनिमुद्रित झाला होता. पुढे बड्या कंपनीशी करार झाला आणि २४ सप्टेंबर १९९१ रोजी 'नेव्हरमाइंड' आला. जानेवारी १९९२ मध्ये त्याने मायकल जॅक्सनच्या 'डेंजरस'ला खाली खेचून पहिला क्रमांक पटकावला. पुढे जगभर त्याच्या कोट्यवधी प्रती खपल्या.

इथपर्यंतची कहाणी कुठल्याही यशस्वी कलावंताची आहे. आम्हाला महत्त्वाचे वाटते ते त्यानंतरचे. नव्याने जमलेल्या गर्दीत असेही लोक होते, ज्यांच्याविरुद्ध हा बँड गात होता. बलात्कारपीडित मुलीवरचे त्यांचे एक गाणे गात दोघा नराधमांनी एका मुलीवर बलात्कार केल्याचे कोबेनने स्वतः लिहिले. डिसेंबर १९९२ च्या संकलनासोबतच्या त्या टिपणात त्याने बजावले की, वर्णद्वेष्टे, स्त्रीद्वेष्टे आणि समलिंगींचा द्वेष करणारे असाल तर आमच्या कार्यक्रमाला येऊ नका, आमच्या रेकॉर्डही घेऊ नका. गिऱ्हाईकाला असे तोंडावर सांगायला धमक लागते.

मग फेब्रुवारी १९९३ मध्ये मिनेसोटातल्या एका आडबाजूच्या स्टुडिओत जाऊन त्यांनी दोन आठवड्यांत 'इन युटेरो' हा अल्बम ध्वनिमुद्रित केला. 'नेव्हरमाइंड'ची चकाकी त्यांना नको होती. आवाज मुद्दाम खरखरीत ठेवला. विषय होते आजार, देह, प्रसिद्धीचा जाच आणि स्त्रीवरचा अत्याचार. ध्वनिमुद्रणासाठी स्टीव्ह अल्बिनी हा फटकळ माणूस निवडला. कंपनीला हा माल खपेल की नाही याची धास्ती पडल्याच्या बातम्या वर्तमानपत्रांत झळकल्या. शेवटी काही गाणी दुसऱ्याकडून पुन्हा मिसळून घ्यावी लागली, म्हणजे तडजोड त्यांनाही चुकली नाही. तरीही सप्टेंबर १९९३ मध्ये अल्बम आला आणि थेट पहिल्या क्रमांकावर गेला.

बाजाराने हार मानली का? नाही. वॉलमार्ट आणि केमार्ट या बड्या दुकानांनी तो ठेवायला नकार दिला. बलात्काराविरुद्धच्या गाण्याच्या नावातच बलात्कार हा शब्द होता, तो त्यांना खुपला. १९९४ मध्ये मागचे चित्र सौम्य करून आणि नाव बदलून वेगळी आवृत्ती काढावी लागली. लहान गावातल्या पोरांना रेकॉर्ड मिळण्याचे ठिकाण तीच दुकाने, हे गावातून आलेल्या या कलावंतांना ठाऊक होते. अत्याचार चालतो, अत्याचाराचा उच्चार चालत नाही! ही रीत आपल्याला नवी आहे काय?

वकील म्हणून आम्हाला या प्रकरणातली एक बाब विशेष वाटते. अल्बिनीने एक लाख डॉलर ठरावीक मेहनताना घेतला आणि पुढच्या विक्रीतला हिस्सा नाकारला. गाणे बँडचे आहे, मी प्लंबरसारखा कामाचा मोबदला घेणार, असे त्याने बँडला आधीच लेखी कळवले होते. २०२४ मध्ये तो वारला, तोवर या तत्त्वापासून ढळला नाही. आता आपल्याकडे पाहा. कॅसेटच्या काळात आपल्या किती गायकांनी आणि गीतकारांनी एकरकमी चार पैसे घेऊन कोऱ्या कागदावर सह्या केल्या! तिथे कलावंताचे हक्क कलावंताकडे राहावेत म्हणून दुसऱ्याने हिस्सा सोडला. इथे कलावंतालाच आपला हिस्सा असतो हे माहीत नव्हते. अण्णाभाऊ साठ्यांनी 'फकिरा' बाबासाहेबांना अर्पण केली, त्यांच्या कथांवर चित्रपट निघाले, आणि १९६९ मध्ये ते दारिद्र्यातच गेले.

२०१२ मध्ये कॉपीराइट कायद्यात दुरुस्ती झाली. ध्वनिमुद्रणात आलेल्या गाण्याच्या वापरावर गीतकार आणि संगीतकाराला समान वाट्याने मानधन मिळण्याचा हक्क त्याने दिला. हा हक्क कंपनीच्या नावे लिहून देता येत नाही, सोडूनही देता येत नाही. हक्क हस्तांतराचा करार लेखीच हवा; त्यात मुदत लिहिलेली नसेल तर ती पाच वर्षे धरली जाते. सादरीकरणाच्या व्यापारी वापराबद्दल गायकालाही मानधनाचा हक्क आहे. हे आपल्या किती कलापथकांना ठाऊक आहे?

त्या तरुणाचाही वाडीतल्या मित्रांसोबत गाण्याचा ग्रुप आहे. तो म्हणाला, "साहेब, जयंतीला नाचायची गाणी मागतात. खैरलांजीवर गाणं केलं, तर मंडळवाले म्हणाले, मूड जातो." आम्ही गप्प झालो. कारण एका जयंतीच्या मंचावर शाहिराला 'आवरतं घ्या' अशी चिठ्ठी आम्हीच पाठवली होती. वॉलमार्ट अमेरिकेतच असते असे नाही. ते आपल्या उत्सव समितीतही बसलेले असते. नाचण्याला आमचा विरोध नाही. ज्यांना रस्त्यावरून चालू दिले नाही ते रस्त्यावर नाचतात, हीही क्रांतीच आहे. पण फक्त तेवढेच मागितले, तर आपल्या गायकाला आपल्याच माणसांत खरे बोलण्याची चोरी होते.

५ एप्रिल १९९४ रोजी, वयाच्या २७ व्या वर्षी, व्यसन आणि नैराश्याने घेरलेल्या कोबेनने स्वतःचा जीव घेतला. जुलै १९९७ मध्ये रमाबाई नगरच्या गोळीबाराने खचून शाहीर विलास घोगरे यांनी जीवन संपवले. दोघांची दुःखे निराळी. एकाला दुसऱ्याच्या मापाने मोजू नये आणि अशा मरणाचे गोडवेही गाऊ नयेत. कलावंताच्या गाण्यातला अंधार ऐकून टाळ्या वाजवायच्या आणि त्याच्या घरात अंधार आहे का हे विचारायचे नाही, ही रसिकता नव्हे.

आजोबांना आम्ही सांगितले, "बाबा, शब्द आपलाच आहे, पण अर्थ अर्धाच गेला तिकडे." दुःखातून पळून जाणे किंवा विझून जाणे म्हणजे निब्बान नव्हे. विकारांवर ताबा ठेवून, अष्टांगिक मार्गाने याच जगात नीट जगणे म्हणजे निब्बान, हे बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' मध्ये स्पष्ट केले आहे. त्या मार्गात सम्यक वाचाही आहे आणि सम्यक आजीविकाही. म्हणजे खरे गाणे आणि त्याचा रास्त मोबदला, दोन्ही.

तेव्हा उत्सव समित्यांना आमची विनंती आहे. येत्या १४ एप्रिलला डीजे लावण्यापूर्वी अर्धा तास आपल्या गावच्या पोरांना द्या, आणि त्यांनी काय गावे हे तुम्ही ठरवू नका. गायकांना सांगणे एवढेच की, कंपनीच्या कागदावर सही करण्याआधी तो कागद चळवळीतल्या एखाद्या वकिलाला दाखवा. फी कोणी मागणार नाही. केळशीच्या त्या पोरांचा कागद आम्ही पाहणार आहोत.

जयभीम!