गव्हाची फाईल कोणाच्या टेबलावर?

पीएल-480 म्हटलं की सत्तरी ओलांडलेल्या मंडळींना रेशनचा लाल गहू आणि त्याच्या वातड पोळ्या आठवतात. गहू अमेरिकेतून येतो हे घरोघरी ठाऊक होतं. पण अमेरिकेत तो नेमका कोणत्या खात्याचा, हे तिथल्या सरकारलाही कधी नीट ठरवता आलं नाही. भांडण जुनं आहे आणि अजून मिटलेलं नाही.

राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर यांनी 10 जुलै 1954 रोजी पीएल-480 या, जादा धान्य परदेशी देण्याच्या कायद्यावर सही केली, तेव्हा खरी अडचण भुकेल्यांची नव्हती, गोदामांची होती. सरकारनं हमीभावानं घेतलेलं धान्य मावत नव्हतं. म्हणून शेती खातं म्हणे, माल आमचा. परराष्ट्र खातं म्हणे, घेणारे देश आमचे. गव्हाची किंमत रुपयांसारख्या परकी चलनात मिळणार, म्हणून अर्थखातंही येऊन बसलं. एका सुनेला इतक्या सासवा! प्रत्येक करार आंतरखातेय समितीच्या चाळणीतून जायचा.

केनेडींनी यावर काढलेली तोड खास राजकारण्याची होती. साउथ डकोटाचे जॉर्ज मॅक्गव्हर्न 1960 ची सिनेटची निवडणूक हरले होते. त्यांचा डोळा शेतीमंत्रिपदावर होता, पण ते गेलं ऑर्व्हिल फ्रीमन यांच्याकडे. फ्रीमनही त्याच साली मिनेसोटाचं गव्हर्नरपद गमावून बसले होते, म्हणजे दोघेही पडलेलेच. मॅक्गव्हर्न यांच्यासाठी जानेवारी 1961 मध्ये थेट व्हाइट हाउसच्या छत्राखाली ‘फूड फॉर पीस’चं कार्यालय उघडलं गेलं. पाटी भारदस्त होती, पण धान्य फ्रीमन यांच्या ताब्यात आणि परदेशी वकिलाती परराष्ट्र खात्याच्या. मॅक्गव्हर्न यांच्या हाती उरलं ते राष्ट्राध्यक्षांचं नाव.

ते त्यांनी कसं वापरलं, हा या कहाणीतला माझा सगळ्यात आवडता किस्सा. एप्रिल 1961 मध्ये रोमला संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व शेती संघटनेची बैठक होती. अनेक देशांनी मिळून अन्नसाहाय्य करावं, ही चर्चा नुसतीच घोळत होती. मॅक्गव्हर्न यांनी मनाशी बेत केला की दहा कोटी डॉलरचा आंतरराष्ट्रीय निधी उभारावा आणि त्यातले चार कोटी डॉलर धान्याच्या रूपात अमेरिकेनं द्यावेत. रिवाजाप्रमाणे गेलं असतं तर हा कागद खात्याखात्यांतून फिरण्यात महिने गेले असते. त्यांनी खाती वगळून सरळ व्हाइट हाउसला गाठलं. शनिवार-रविवारच्या सुट्टीत होकार मिळाला आणि त्यांनी तो प्रस्ताव बैठकीत मांडून टाकला. बाकीचे देश चकित झाले. आजच्या जागतिक अन्न कार्यक्रमाचं मूळ या सुट्टीतल्या परवानगीत आहे. सगळ्या संबंधितांना विचारत बसले असते तर तो जन्मला असता का, याची मला शंकाच आहे.

त्याच वर्षाच्या शेवटी यूएसएड ही परदेशी मदतीची सरकारी संस्था निघाली आणि आणखी एक दावेदार वाढला. मॅक्गव्हर्न 1962 मध्ये पुन्हा सिनेट लढवायला गेले आणि जिंकले. पुढे 1965 मध्ये ते कार्यालयच परराष्ट्र खात्यात हलवलं गेलं.

पण कार्यालय कुठंही असो, त्या सुमारास भारताची फाईल राष्ट्राध्यक्ष लिंडन जॉन्सन यांनी स्वतःच्या टेबलावर ओढून घेतली. जुना करार जून 1965 मध्ये संपला. नवा दीर्घ मुदतीचा करार करायला त्यांनी नकार दिला आणि गहू थोडाथोडा सुटू लागला. नोव्हेंबरमध्ये पुन्हा रोमलाच, त्याच अन्न संघटनेच्या परिषदेच्या आडोशानं, आपले अन्नमंत्री सी. सुब्रमण्यम आणि फ्रीमन यांनी गुपचूप समझोता केला. भारतानं शेतीवरचा खर्च आणि खतं वाढवावीत, हा त्याचा गाभा. फ्रीमन यांना वाटलं, आता वाट मोकळी झाली. कसली मोकळी! 1966 मध्ये भारतानं सुमारे एक कोटी टन धान्य आयात केलं, तरी जॉन्सन यांनी सल्लागारांचं न ऐकता पुढचा हप्ता रोखून धरला. व्हिएतनामवरून भारतानं केलेली टीका त्यांना झोंबली होती. भारतात कुठं पाऊस पडला आणि कुठं नाही हे आपल्याला नेमकं ठाऊक असायचं, असं त्यांनी आत्मचरित्रात नोंदवलंय. खात्यांच्या भांडणात गहू उशिरा निघतो हे खरं, पण एकाच माणसाच्या मुठीत फाईल गेली तर काय होतं, तेही आपण भोगलंय.

1966 च्या अखेरीला परिस्थिती पाहायला आलेल्या अमेरिकी खासदारांत कॅन्ससचे बॉब डोल होते. हेच डोल आणि मॅक्गव्हर्न यांच्या नावानं पुढं शाळकरी मुलांच्या जेवणाची योजना निघाली. ती मात्र शेती खात्याकडे गेली आणि तिथंच राहिली.

गव्हापोटी भारतात साठलेल्या रुपयांचीही एक कहाणी आहे. 1974 मध्ये अमेरिकी राजदूत मॉयनिहान यांनी 1,664 कोटी रुपयांचा धनादेश भारत सरकारला देऊन हिशेब बराचसा मिटवला. त्याआधी याच पैशांतून भारतीय भाषांतली पुस्तकं खरेदी होऊन अमेरिकी विद्यापीठांत गेली होती. शिकागोच्या ग्रंथालयात मराठीचा साठा वाढला, त्यात रेशनच्या पोळ्यांचा वाटा आहे.

धान्यवाटपाचं काम पुढं यूएसएडकडे आलं होतं. 2025 मध्ये यूएसएड मोडीत निघाली आणि फाईल पुन्हा हलली. 10 फेब्रुवारीला संस्थेच्या महानिरीक्षकांनी इशारा दिला की बंदरांत, वाटेत आणि गोदामांत पडलेलं 48.9 कोटी डॉलरचं अन्न धोक्यात आहे. दुसऱ्याच दिवशी त्यांना काढून टाकलं. दुबईच्या गोदामात अफगाणिस्तान आणि पाकिस्तानातल्या मुलांसाठी पौष्टिक बिस्किटं होती. ती वाटायची परवानगी देणारी सही वेळेत झाली नाही. जुलैमध्ये मुदत संपली आणि सुमारे 500 टन बिस्किटं जाळायची ठरली. जाळण्याचा खर्च वेगळा, तोही सरकारी.

‘फूड फॉर पीस’ शेती खात्याकडे द्या, असं विधेयक त्याच फेब्रुवारीत आलं. आणणाऱ्यांत कॅन्ससचे प्रतिनिधी पुढं होते. गहू आणि ज्वारी पिकवणारं ते राज्य, तेव्हा यात नवल नाही. गंमत म्हणजे या योजनेचा पैसा वर्षानुवर्षं शेती खात्याच्याच अंदाजपत्रकातून मंजूर होत होता आणि धान्य खरेदीही तेच खातं करत होतं. माल कुठं आणि कोणाला जाणार, तेवढं ठरवण्याचा अधिकार त्याच्याकडे नव्हता. विधेयकातली मागणी होती ती त्याचीच.