रशियन भाषेचा प्रथम परिचय : दक्षिणेच्या इतिहासाच्या अभ्यासकांसाठीं

महाराष्ट्राच्या इतिहासाचीं साधनें शोधणाऱ्यास मोडी व फारसी यांवांचून गति नाहीं, हें आतां कोणास सांगावयास नको. पोर्तुगीज, डच, फ्रेंच व इंग्रजी दफ्तरांची योग्यताही सर्वमान्य आहे. परंतु रशियन भाषेकडे आमच्या संशोधकांचें व संग्राहकांचें लक्ष क्वचितच जातें. 'त्या थंड मुलुखांत आमच्या कामाचें काय असणार?' असा प्रश्न सहजच निघतो. त्याचें उत्तर एका व्यापाऱ्याच्या वहींत आहे. त्व्हेर शहरचा अफनासी निकीतिन हा पंधराव्या शतकाच्या उत्तरार्धांत होर्मुझकडून समुद्रमार्गें चौलास उतरला, जुन्नरास पावसाळा काढून बेदरास गेला, आणि परततांना दाभोळ बंदरीं जहाजावर चढला. बहामनी राज्यांतील फौज, बाजार, लोकांचा पेहराव व खाणेंपिणें यांविषयीं प्रत्यक्ष पाहणाऱ्याची ही साक्ष आहे. आणि ती वास्को द गामा १४९८ सालीं कालिकतास येण्यापूर्वींची आहे. तींत वारंवार येणारा 'म्येलिकतुचार' म्हणजे मलिक-उत्-तुज्जार महमूद गवान, हें फारसी जाणणाऱ्यास तत्काळ ओळखतां येतें.

या वृत्ताचें इंग्रजी भाषांतर हॅक्लुइट सोसायटीनें १८५७ सालीं प्रसिद्ध केलें. तें हाताशीं असल्यामुळें तेवढ्यावरच काम भागविण्याचा मोह होतो. परंतु एखाद्या बखरीचें इंग्रजी सार वाचून स्थळनिश्चय किंवा कालनिश्चय करणाऱ्यास आपण काय म्हणूं? तोच न्याय येथेंही लावला पाहिजे. यासाठीं रशियन भाषेचें पांडित्य लागत नाहीं. अक्षरें, विभक्ति व कालगणना हीं तीन साधनें हातीं आलीं, म्हणजे मुळांतील नांव, संख्या व मिति आपल्या डोळ्यांनीं तपासतां येतात. मराठी व संस्कृत जाणणाऱ्यास तर हें काम इतरांहून सोपें आहे. तें कसें, एवढेंच येथें सांगावयाचें आहे.

१. अक्षरओळख

हल्लींच्या रशियन वर्णमालेंत ३३ अक्षरें आहेत. त्यांचा मूळ सांचा ग्रीक आहे. रोमन लिपि जाणणाऱ्यानें त्यांचे चार वर्ग करावे. पहिल्या वर्गांतील अक्षरांचा आकार व उच्चार दोन्ही ओळखीचे आहेत : ए, के, एम, ओ व टी. मात्र टीच्या आकाराचा उच्चार मराठी 'त' असा दंत्य करावा, 'ट' असा करूं नये. दुसरा वर्ग फसवा आहे. येथें आकार रोमन, पण उच्चार निराळा : बीच्या आकाराचा 'व', एचच्या आकाराचा 'न', पीच्या आकाराचा 'र', सीच्या आकाराचा 'स', वायच्या आकाराचा 'उ', आणि एक्सच्या आकाराचा फारसी 'खास' या शब्दांतील 'ख'. एम, ओ, सी, के, बी, ए अशीं सहा अक्षरें ओळीनें दिसलीं, तर तें 'मस्क्वा', म्हणजे मॉस्को शहराचें नांव, असें वाचावें. हा एक शब्द दहा वेळां लिहिला, म्हणजे अर्धी भीति जाते. तिसऱ्या वर्गांत ग, द, ल, प, फ हीं ग्रीक वळणाचीं अक्षरें येतात. भूमितीच्या पुस्तकांतील 'पाय' ज्यास आठवतो, त्यास 'प' शिकविण्याची गरज नाहीं. चौथ्या वर्गांत उरलेलीं, म्हणजे केवळ स्लाव ध्वनींसाठीं योजलेलीं अक्षरें पडतात.

छापील अक्षर आलें म्हणजे हस्ताक्षर आलें असें मात्र समजूं नये. हातानें लिहितांना 'त' हा रोमन लहान एमसारखा, 'प' हा एनसारखा, 'द' हा जीसारखा व 'इ' हा यूसारखा दिसतो. बाळबोध येऊनही मोडी कागदापुढें अडणाऱ्या नवशिक्याची जी गत, तीच येथें होते.

२. उच्चार

या ठिकाणीं मराठी वाचकास एक लाभ आहे. 'चाक' यांतील च आणि 'चहा' यांतील च हे आपण एकाच अक्षरानें लिहितों, पण कानानें निराळे ओळखतों. रशियन भाषेंत या दोहोंस दोन स्वतंत्र अक्षरें आहेत. इंग्रजीभाषकास शब्दारंभीं जड जाणारा हा भेद मराठी मुलास उपजत येतो.

कठीण भाग आहे तो मृदु व्यंजनांचा. बहुतेक व्यंजनें दोन प्रकारें उच्चारलीं जातात : एक साधें, दुसरें जिभेचा मधला भाग टाळूकडे उचलून, जणूं यकाराचा ओझरता स्पर्श देऊन. शब्दाच्या शेवटीं हा मृदुपणा दाखविण्यास एक निराळें चिन्ह आहे. तें क्षुल्लक समजूं नये. 'ब्रात्' म्हणजे भाऊ, आणि मृदु तकाराचा 'ब्रात्य्' म्हणजे घेणें. पहिला शब्द आपल्या 'भ्रातृ'चा सोयरा, दुसरा 'भृ' धातूचा. दोन कुळें एका चिन्हानें निराळीं राहिलीं आहेत.

स्वराघात लिहून दाखवीत नाहींत, आणि आघात नसलेला ओकार अकारासारखा उच्चारतात. म्हणून 'मोलोको' असें लिहिलेला दुधाचा वाचक शब्द 'मलको' असा ऐकूं येतो. आघात चुकल्यास अर्थही बदलतो. एकाच अक्षरांचा शब्द 'ज़ामक' असा वाचल्यास गढी, आणि 'ज़मोक' असा वाचल्यास कुलूप. जुन्या वास्तूंची यादी वाचणाऱ्यानें हा भेद ध्यानांत ठेवावा.

आपल्या नांवांचें रशियन लेखनांत काय होतें, हेंही येथेंच पाहावें. त्या भाषेंत हकार नाहीं; त्याच्या जागीं कधीं 'ग' तर कधीं 'ख' येतो. हिमालयाचें नांव गकारानें आरंभतें, तर महाराष्ट्राच्या नांवांत ख येतो. निकीतिनाच्या वहींतील 'गुंदुस्तान' म्हणजे हिंदुस्थान तो याच न्यायानें. महाप्राण नसल्यामुळें दाभोळाचें 'दाबिल्य्' झालें. जकारासाठीं स्वतंत्र अक्षर नसल्यामुळें जुन्नराचें 'चुन्येर्य्' झालें. एवढे नियम ठाऊक असले, म्हणजे 'चुविल्य्' पाहतांच चौल आठवतें.

३. विभक्ति

रशियन भाषेंत तीन लिंगें व सहा विभक्ति आहेत. इंग्रजी पुस्तकावरून शिकणारा येथें हतबल होतो. आपण लहानपणीं रामशब्द चालविलेला असतो. 'क्नीगा' म्हणजे पुस्तक. त्याची द्वितीया क्नीगु, तृतीया क्नीगोय, चतुर्थी क्नीग्ये, षष्ठी क्नीगी, आणि सप्तमी पुनः क्नीग्ये. पंचमीचें काम षष्ठी करते. सप्तमी नेहमीं कोणत्या तरी उपपदासह येते. 'एतो क्नीगा' म्हणजे 'हें पुस्तक'. 'आहे' हें क्रियापद वर्तमानकाळीं घालीत नाहींत. संस्कृतांत 'इदं पुस्तकम्' म्हणून थांबतात तसेंच. द्विवचन आतां लुप्त झालें आहे. पण दोन, तीन व चार या संख्यांनंतर प्रथमेच्या ठिकाणीं नाम बहुवचनांत न येतां षष्ठीच्या एकवचनांत येतें, ही त्याचीच मागें राहिलेली खूण होय.

विभक्ति न जाणल्यास संशोधनांत काय अनर्थ होतो, याचें उदाहरण प्रस्तुत लेखकास स्वतःचेंच देतां येईल. आरंभीं मूळ वृत्त चाळतांना 'चुन्येर्य्' आणि 'चुन्येर्या' अशीं दोन रूपें आढळलीं, आणि दुसरें रूप म्हणजे जुन्नराजवळचें कोणतें तरी वेगळें गांव असावें अशा समजुतीनें त्याचें स्वतंत्र टिपण केलें. नकाशावर तें गांव शोधण्यांत कित्येक दिवस गेले. पुढें व्याकरण हातीं आल्यावर उमगलें कीं, दुसरें रूप पहिल्याचीच षष्ठी आहे, आणि 'जुन्नरापर्यंत' असें म्हणावयाचें तर तेथें षष्ठीच लागते. उद्यां एखाद्या परकीयानें आमच्या पत्रांत 'पुणें', 'पुण्यास', 'पुण्यांत' असें वाचून 'पुण्या' नांवाचें एक गांव नकाशावर मांडलें, तर आपण हंसूं. तेंच हंसें आपलें होऊं नये म्हणून सूची करण्यापूर्वीं प्रत्येक नांव प्रथमेंत आणावें.

४. क्रियापद व शब्दसंग्रह

भूतकाळाचें रूप पाहून मराठी वाचकास नवल वाटेल. 'पिसाल' म्हणजे त्यानें लिहिलें, 'पिसाला' म्हणजे तिनें लिहिलें, 'पिसाली' म्हणजे त्यांनीं लिहिलें. लकार मराठीसारखाच, आणि रूप पुरुषाप्रमाणें न बदलतां लिंगवचनाप्रमाणें बदलतें. मात्र तें नेहमीं कर्त्याच्या लिंगवचनास धरून असतें, आणि 'ली' हा शेवट तेथें बहुवचनाचा आहे. या लकाराचा इतिहास दोन्ही भाषांत निराळा आहे, म्हणून त्यावरून नात्याचे सिद्धांत काढूं नयेत. पाठांतरास मात्र त्याचा आधार खुशाल घ्यावा.

खरें नातें शब्दांत आहे. द्वा, त्री, चितीर्ये या संख्या, शंभरास 'स्तो', अग्नीस 'अगोन्य्', द्वारास 'द्व्येर्य्', दिवसास 'द्येन्य्', आकाशास 'न्येबो' (आपलें नभस्). मात्र सादृश्य फसवितेंही : 'बाबा' म्हणजे तेथें बाई किंवा म्हातारी.

संग्राहकानें तीन शब्द प्रथम पाठ करावे. 'रूकोपिस्य्' म्हणजे हस्तलिखित. 'रुका' म्हणजे हात. 'ल्येतोपिस्य्' म्हणजे वर्षानुक्रमानें लिहिलेली नोंद, आपल्या शकावलीसारखी. 'ल्येतो' म्हणजे उन्हाळा, आणि त्यावरून वर्ष. आपल्या 'वर्ष' शब्दांत पाऊस आहे, त्यांच्या शब्दांत ऊन आहे. 'स्कोरोपिस्य्' म्हणजे जलद लिहावयाची लिपि. तिहींतील 'पिस्' हा संस्कृत 'पिश्' धातूचा, म्हणजे कोरणें व नटविणें या अर्थाच्या धातूचा, सोयरा आहे.

५. जुन्या लिपी व मिति

जुनीं हस्तलिखितें तीन वळणांचीं आढळतात. पहिलें 'उस्ताव', उभें व सुटें, पोथीच्या अक्षरासारखें. दुसरें 'पोलुउस्ताव', म्हणजे अर्धें उस्ताव. तिसरें वर सांगितलेलें स्कोरोपिस्य्. या तिसऱ्यांत शब्द तोडीत नाहींत, अक्षरें जोडून लिहितात, पुष्कळ व्यंजनें ओळीच्या वर चढवितात आणि परिचित शब्दांचे संक्षेप करितात. मोडी वाचणाऱ्यास यांत नवें कांहींच नाहीं. 'गोरा' म्हणजे डोंगर (आपला गिरि) आणि 'गोरद' म्हणजे शहर. वर चढविलेला दकार नजरेंतून सुटला, तर शहराचा डोंगर व्हावयास वेळ लागत नाहीं. पीटर बादशहानें १७०८ पासून छपाईसाठीं सुटसुटीत अक्षर चालू केलें. १९१८ सालच्या शुद्धलेखनसुधारणेनें कांहीं जुनीं अक्षरें व शब्दांतीं लिहावयाचें कठोर चिन्ह गेलें. ग्रंथाच्या मुखपृष्ठावर हें शब्दांतींचें चिन्ह दिसलें, तर तो बहुधा त्या सुधारणेपूर्वींचा समजावा.

जुने आंकडे अक्षरांनींच लिहीत. अक्षरावर 'तित्लो' नांवाची आडवी खूण असे. क्रम ग्रीकाचा असल्यामुळें 'व' म्हणजे २ व 'ग' म्हणजे ३, आणि 'ब' यास मोलच नाहीं. अबजद जाणणाऱ्यास ही रीत नवी नाहीं. निकीतिनाची वही मॉस्कोस पोंचल्याची नोंद शकावलींत ६९८३ या वर्षाखालीं आहे. हें वर्ष सृष्टीच्या उत्पत्तीपासून मोजलेलें आहे. त्यांतून ५५०८ वजा केले कीं इसवी सन १४७५ निघतो. वर्षारंभ सप्टेंबरापासून धरलेला असेल, तर सप्टेंबर ते डिसेंबर या महिन्यांसाठीं ५५०९ वजा करावे. शुहूर सनांत ५९९ कीं ६०० मिळवावयाचे, याचा विवेक आपण करितों तसाच हा. पीटरच्या आज्ञेनें १७०० पासून ख्रिस्ती सन व जानेवारीचा वर्षारंभ सुरू झाला. पण पंचांग जुनेंच राहिलें. म्हणून १८८० सालच्या रशियन पत्रावर ५ मे असेल, तर तो इतरत्र १७ मे होय. हें अंतर अठराव्या शतकांत ११, एकोणिसाव्यांत १२ व विसाव्यांत १३ दिवसांचें आहे. १९१८ सालीं ३१ जानेवारीनंतर एकदम १४ फेब्रुवारी धरून तें मिटविलें गेलें.

६. उपसंहार

निकीतिनाची मूळ वही उपलब्ध नाहीं. तो स्वदेशीं पोंचण्यापूर्वींच स्मोलेन्स्कच्या अलीकडे वारला. त्याचें लेखन पंधराव्या शतकाच्या अखेरीपासून सतराव्या शतकापर्यंतच्या नकलांतून उरलें आहे. स्त्रोयेव्ह यानें तें १८२१ सालीं छापलें, आणि रशियांतील विज्ञानपरिषदेनें १९४८ सालीं पाठभेदांसह आवृत्ति काढली. तो हिंदुस्थानांत १४६९ ते १४७२ या काळांत होता असें पूर्वीं मानीत. पुढें १४७१ ते १४७४ असा पक्ष मांडला गेला. हा वाद ईस्टर व रमज़ान यांच्या मितींवर उभा आहे, कारण त्याचे ग्रंथ वाटेंत लुटले जाऊन त्याला स्वधर्माच्या सणांची गणना राहिली नव्हती. शिवाय त्यानें ठिकठिकाणीं तुर्की, फारसी व अरबी शब्दांची मिसळ रशियन अक्षरांत लिहून ठेविली आहे. 'ओल्लो' म्हणजे अल्ला व 'खुदो' म्हणजे खुदा. चौल, जुन्नर व दाभोळ ज्याच्या पायाखालचीं आहेत आणि फारसी ज्याच्या हाताखालची आहे, अशा इकडील संशोधकाचा या ग्रंथावर रशियन पंडिताइतकाच अधिकार पोंचतो. तो अधिकार गाजविण्यास आड येतात तीं फक्त तेहेतीस अक्षरें.

१९५१ सालीं नोव्हगोरद येथील उत्खननांत झाडाच्या सालीवर कोरलेलें पहिलें पत्र सांपडलें, आणि तेव्हांपासून तशीं हजारावर पत्रें निघालीं आहेत. ज्या झाडाची ती साल, त्याचें रशियन नांव 'बिर्योज़ा'. आपल्या 'भूर्ज' शब्दाचाच तो भाऊ. भूर्जपत्रें वाचणाऱ्यांच्या वंशजांस ही लिपि फार काळ परकी राहूं नये. इत्यलम्.