मॅक्रो कुणाचा, कुणासाठी? सी-मेकमधल्या टार्गेटची गोष्ट

आजचा विषय छोटा आहे, पण चुकला तर महागात पडतो: सी-मेकमध्ये टार्गेटला मॅक्रो कसा द्यायचा?

टार्गेट म्हणजे बिल्डमधून तयार होणारी लायब्ररी किंवा प्रोग्रॅम. मॅक्रो ही प्रीप्रोसेसरला दिलेली खूण. खूण असली तर कोडचा तेवढा भाग ठेवायचा, नसली तर गाळायचा.

आपल्याकडचंच एक काल्पनिक उदाहरण घेऊ. धरणाच्या नोंदी वाचणारी एक लायब्ररी आहे. तिच्यावर दोन प्रोग्रॅम चालतात: नांदेडचा विष्णुपुरीसाठी, लातूरचा मांजरा धरणासाठी. नोंदीची रचना हेडरमध्ये आहे. आधी पातळी, 'तापमान_सह' हा मॅक्रो असेल तर पुढं तापमान. दोन्ही आकडे ८-८ बाइटचे.

आता समजा, मॅक्रो फक्त लायब्ररीलाच मिळाला. तिच्या लेखी एक नोंद १६ बाइटची, लातूरच्या प्रोग्रॅमच्या लेखी ८ची. लायब्ररीनं नोंदींची रांग हाती दिली, की प्रोग्रॅम दुसऱ्या नोंदीची पातळी म्हणून पहिलीचं तापमान वाचतो! कंपायलर गप्प, लिंकरही गप्प. ज्या लातूरला २०१६ साली मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं, तिथं धरणाचा आकडा असा चुकून कसं चालेल?

यासाठी 'टार्गेट_कंपाइल_डेफिनिशन्स' ही आज्ञा आहे. तिच्यात टार्गेटचं नाव, मग तीनपैकी एक शब्द आणि शेवटी मॅक्रो लिहायचा. 'प्रायव्हेट' म्हणजे मॅक्रो फक्त त्या टार्गेटपुरता. 'इंटरफेस' म्हणजे स्वतःला नाही, पण वापरणाऱ्यांना. 'पब्लिक' म्हणजे दोघांनाही. आपल्या उदाहरणात लायब्ररीवर 'पब्लिक' लिहायचं. मग 'टार्गेट_लिंक_लायब्ररीज'नं ती जोडली, की नांदेड आणि लातूर दोघांनाही मॅक्रो आपोआप पोचतो.

दोन गोष्टी ध्यानात ठेवा. टार्गेट आधी तयार झालेलं पाहिजे, आज्ञा त्यानंतर. आणि मॅक्रोपुढं 'वजा डी' लावायची गरज नाही. लावलं तरी सी-मेक ते काढून टाकतं.

जुनी 'ॲड_डेफिनिशन्स' ही आज्ञा अख्ख्या फोल्डरला मॅक्रो वाटते. ज्याला नको त्यालाही तो मिळतो, आणि फोल्डरबाहेरून लायब्ररी वापरणारा मात्र कोरडाच राहतो.

म्हणून शब्द निवडताना एकच विचारा: हा मॅक्रो कुठं वाचला जातो? फक्त आपल्या सोर्स फाइलमध्ये असेल तर 'प्रायव्हेट'. इतरांना दिलेल्या हेडरमध्येही असेल तर 'पब्लिक'. लायब्ररी नुसत्या हेडरचीच असेल तर 'इंटरफेस'.