बरोबरी मोडायची कशी?

१ मे १९२०. बॉस्टनच्या ब्रेव्हज फील्डवर बेसबॉलचे ठरलेले नऊ डाव संपले तेव्हा फलकावर १-१ होतं. ब्रुकलिनने पाचव्या डावात एक धाव काढली, बॉस्टनने सहाव्यात ती फेडली. त्यानंतर वीस डाव दोन्ही पाट्या कोऱ्या. ब्रुकलिनचा लिऑन कॅडोर आणि बॉस्टनचा जो ओशगर, दोघेही सव्विसाव्या डावापर्यंत एकटेच चेंडू टाकत राहिले. ३ तास ५० मिनिटांनी पंचांनी अंधारामुळे खेळ थांबवला. निकाल नाहीच. दुसऱ्या दिवशी ब्रुकलिन फिलाडेल्फियाकडून १३ डावांत हरलं, तिसऱ्या दिवशी पुन्हा बॉस्टनकडून, १९ डावांत. तीन दिवसांत ५८ डाव आणि एकही विजय नाही! पगारी खेळाडू म्हणून टिकले. हौशी असते तर कधीच घरी गेले असते.

शहापूर-मुरबाडच्या वाचकाला याचं काय? इथे राज्य कबड्डीचं. पण शाळेत खो-खो खेळलेल्या कुणालाही ‘जादा डाव’ समजावून सांगावा लागत नाही. पुण्याच्या डेक्कन जिमखान्याने १९१४ मध्ये, म्हणजे त्या बॉस्टनच्या सामन्याआधी सहा वर्षं, या खेळाला नियमांत बसवायला घेतलं. आजच्या नियमांत प्रत्येक संघाला आक्रमणाचे दोन आणि संरक्षणाचे दोन डाव, मोठ्या गटात नऊ-नऊ मिनिटांचे. गुण सारखे झाले की एक जादा डाव. तरीही बरोबरी राहिली तर लघुत्तम आक्रमण.

इथे सगळं गणितच पालटतं. गुण मोजायचे नाहीत, सेकंद मोजायचे. पहिला गडी बाद झाला की घड्याळ थांबतं. ज्यांनी कमी वेळात टिपला ते जिंकले. संरक्षणाच्या पहिल्या तुकडीत कोणते तिघं उतरवायचे यावर कर्णधाराची खरी परीक्षा. मिनिटंच्या मिनिटं दम राखून पळणारा इथे फारसा उपयोगी नाही. खांबाजवळ हुलकावणी देऊन एक खो वाया घालवणारा हवा. पाटीवर आलटून-पालटून तोंडं करून बसलेले आठजण आधीच टाचा उचलून असतात. मुरमाच्या मैदानावर सूर मारणारा पोरगा कोपर सोलून उठतो आणि आधी पंचाच्या हाताकडे बघतो, मग कोपराकडे.

हा नियम मला फार शहाणपणाचा वाटतो. उन्हं माहुलीकडे कलली की दिवे नसलेल्या मैदानावर सामना ताणून चालत नाही. मुरबाडला रेल्वे नाही, परतीची एसटी चुकली तर पोरांना घरी कोण पोहोचवणार? सव्वीस डावांची चैन परवडायला आधी रात्रीची सोय लागते.

व्यावसायिक खो-खो आपल्याकडे २०२२ मध्ये अल्टिमेट खो-खो लीगने आणला. पहिली अंतिम लढत ओडिशाने तेलुगू योद्धाजविरुद्ध ४६-४५ अशी एका गुणाने जिंकली; बरोबरी थोडक्यात हुकली.

अमेरिकेतल्या बेसबॉलच्या मेजर लीगला उपरती झाली ती २०२० साली, बॉस्टनच्या त्या सामन्यानंतर बरोबर शंभर वर्षांनी. जादा डाव सुरू होतानाच दुसऱ्या बेसवर एक धावक उभा करायचा, म्हणजे निकाल लवकर लागतो. २०२३ पासून हा नियम कायमचा झाला. जुन्या प्रेक्षकांनी नाकं मुरडली. बाद फेरीला मात्र तो अजून लागू नाही, म्हणून २०२२ च्या ऑक्टोबरमध्ये ह्यूस्टनला सिएटलविरुद्ध एकुलत्या एका धावेसाठी १८ डाव खेळावे लागले.